पाणी नितळ, मासे उताणे

मेलेला मासा समोर आला की माणसाचा खरा स्वभाव बाहेर येतो, असं माझं चाळिशीतलं ठाम मत आहे. आमच्या घरात त्या उन्हाळ्यात इतके मासे मेले, की मला हा अभ्यास अगदी सावकाश, घरबसल्या करता आला. आई ‘अरेरे’ म्हणायची आणि गॅस बारीक करायला आत जायची. बाबा मनगटावरचं घड्याळ बघून वेळ टिपून ठेवायचे. ते बँकेच्या तपासणी विभागात होते, आणि शाखेत असो की स्वयंपाकघरात, काही बिघडलं की आधी वेळ टिपायची, ही त्यांची प्रार्थना होती. आणि दामले काका हात चोळत, पंगतीत जिलबीचं ताट येताना दिसावं तशा चेहऱ्याने म्हणायचे, “आणा बघू ताटलीत!”

दामले काकांविषयी तटस्थपणे लिहायचं, असं मी ठरवलं होतं. तीनदा प्रयत्न केला. जमत नाही, सोडून दिलं. काका एका मोटारींच्या कारखान्यात नटबोल्टांची गुणवत्ता तपासायचे आणि उरलेल्या वेळात विश्वाची. चेन्नईतल्या मराठी मंडळींत कुणाचा मिक्सर बंद पडला, कुणाला पित्त झालं, कुणाच्या मुलाला गणित जमेना, की काका स्कूटरवरून हजर. शर्टाच्या खिशात भिंग, थर्मामीटर आणि लहान पक्कड. प्रत्येक निदानाआधी एक वाक्य ठरलेलं: “यामागे शास्त्र आहे.” एकोणीस वर्षं त्या शहरात राहून त्यांना तमिळमधले दोनच शब्द येत, ‘वेण्डाम’ आणि ‘पोदुम’. म्हणजे नको आणि पुरे. एवढ्या भांडवलावर माणूस जेवणाच्या पंगतीत तरतो, शहरात नाही. पण काका तरले, कारण बाकीचं सगळं ते मराठीतच, फक्त जरा मोठ्याने बोलायचे. भाजीवाल्याला कळलं नाही तर आणखी मोठ्याने. दर रविवारी सकाळी दहा वाजता ते आमच्याकडे थालीपीठ खायला यायचे. काकूंनी त्यांना घराबाहेर पाठवण्यात कधीही आडकाठी केली नाही. त्या बाईंच्या शहाणपणाबद्दल मला आजही आदर आहे.

आम्ही नुंगंबाक्कममध्ये, मोठ्या रस्त्यामागच्या एका अरुंद गल्लीत, जुन्या दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर राहायचो. खाली घरमालकीण, राधाबाई. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. अक्का तंजावरकडच्या मराठी. त्यांचे पूर्वज कधीतरी तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेले आणि परत यायचं राहूनच गेलं. त्यांची मराठी म्हणजे जुन्या पितळी डब्यात ठेवलेली, तमिळ हेल लागलेली, मधूनच एखादा तमिळ शब्द चावायला मिळणारी. मला ती ऐकायला फार आवडायची. बाबांना ती मराठी वाटायचीच नाही. काका तर अक्कांचं व्याकरण सुधारायचे. जिन्यात त्या एकदा म्हणाल्या, “मी भात करूंलाग्लें, जेवूनच जा.” काकांनी पायरीवर उभं राहून शिकवणी घेतली. “अक्का, ‘करते आहे’ म्हणा. करूंलाग्लें नाही.” अक्कांनी पदर खांद्यावर ओढला आणि म्हणाल्या, “तुम्ही काल आलांत. बसा अगोदर.” काकांना हा टोमणा आहे हे कळायला वेळ लागला. मला वाटतं, अजून कळला नसेल.

सकाळी सहाला पाण्याच्या लॉरीचा कर्कश हॉर्न वाजायचा, आणि गल्लीतल्या बायका हिरव्या-निळ्या प्लॅस्टिकच्या घागरी घेऊन अशा धावायच्या, की शर्यतीला शिट्टी झाली असावी. त्या उन्हाळ्यात नळ म्हणजे भिंतीवरची शोभा होती. लॉरीच्या पाण्याला औषधाचा वास यायचा. चहालाही यायचा, वरणालाही यायचा. आई वरणात कढीपत्ता दुप्पट घालायची. दुपारी खालून अक्कांच्या रेडिओवरचा कुणीतरी नादस्वरम वाजवत राहायचा आणि फोडणीतली हिंग-मेथी जिन्याने वर यायची. शनिवारी अक्का उडदाच्या पिठाची दह्यातली डांगर पचडी वाटीभर पाठवायच्या, आम्ही ती वाटी रिकामी परत द्यायची नाही म्हणून तीत शंकरपाळे. मी सहावीत त्या घरात आले आणि अकरावी संपवली. तमिळ माझ्या तोंडात घरच्या भाषेइतकं बसलं होतं, मैत्रिणी होत्या, शाळेत एक गणिताच्या बाई होत्या ज्यांच्यासाठी मी कुठेही राहायला तयार होते. आणि तेवढ्यात बाबांची अकोल्याला बदली झाली.

माझं म्हणणं सरळ होतं. बारावीचं एकच वर्ष. मी अक्कांकडे राहते. अक्का तयार होत्या, आई गप्प राहून तयार होती. बाबांनी नाही म्हटलं नाही. ते तपासणी विभागातले. नाही म्हणायला त्यांना पुरावा लागायचा. तो पुरावा मिळवायची युक्ती अर्थातच काकांची. “वसंतराव, मुलगी जबाबदार आहे की नाही हे बोलण्यावरून कळत नाही. तिच्या ताब्यात एक सजीव वस्तू द्या. यामागे शास्त्र आहे.” त्यांच्या कारखान्यातला कुणी साहेब अमेरिकेला चालला होता, त्याची दोन फुटी काचेची टाकी, मोटर, खडे, सगळं काकांनी आणून आमच्या दिवाणखान्यात मांडलं. आणि बाबांनी निकाल जाहीर केला, “मी निघेन त्या दिवशी या घरात तुझे मासे जिवंत असले, तर तू राहा. नसले तर अकोला. ज्याला मासे जगवता येत नाहीत, तो एकटा काय जगणार?” मला हसू आलं. मासे! आई-बाप नसताना समुद्रात वाढतात, त्यांना जगवायचं ते काय? मी सोळा वर्षांची होते, आणि सोळाव्या वर्षी माणूस मूर्ख असतो, ही तक्रार नाही, पण इतक्या आत्मविश्वासाने मूर्ख असू नये.

मासे आणायला आम्ही तिघं जॉर्ज टाउनच्या बाजाराकडे गेलो. लुंगी नेसलेला, तोंडात पान कोंबलेला एक विक्रेता फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या दोऱ्याला टांगून बसला होता. टाकी कालच मांडली, असं मी त्याला सांगितलं, तर त्याने पिशवीवरचा हातच काढून घेतला. म्हणाला, आज नेऊ नका. पाणी भरून मोटर नुसती चालू ठेवा, चिमूटभर खाणं टाकत जा, तीनचार आठवडे जाऊ द्या. मग दोनच न्या. आणि सगळं पाणी एकदम कधी बदलू नका. मी हे सगळं शब्दशः मराठीत सांगितलं. काकांनी भुवया उंचावल्या, बाबांना बाजूला घेतलं आणि त्या माणसाकडे पाठ करून, त्याला मराठी येत नाही याची पूर्ण खात्री असूनही, हळू आवाजात म्हणाले, “विकणाराच नेऊ नका म्हणतो, याचा अर्थ काय? माल खराब आहे!” बाबा गंभीर झाले. मी हसले. ते हसू आठवलं की आजही माझे कान गरम होतात. आम्ही पलीकडच्या दुकानातून सहा गुबगुबीत सोनेरी मासे आणले. पहिल्या विक्रेत्याने जाताना आमच्याकडे पाहिलं, ते लग्नाला निघालेल्या वरातीकडे अनुभवी माणूस पाहतो तसं.

तिसऱ्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. काका खास बघायला आले. “पाहा, वर येऊन श्वास घेतात. उत्साही जात आहे.” पाचव्या दिवशी दोन उत्साही मासे उताणे तरंगत होते, आणि आठवड्याअखेर सहाही. रविवारी काकांनी आईची पोह्याची ताटली मागून घेतली, स्वेटरची सुई आणि भिंग काढलं आणि शवचिकित्सा केली. आईने ती ताटली नंतर कुंडीखाली ठेवून दिली. निष्कर्ष: प्रवासाचा धक्का. दुसऱ्या सहा माशांच्या वेळी निष्कर्ष: मनूने, म्हणजे मी, खायला जास्त घातलं. तिसऱ्या सहांच्या वेळी काका बराच वेळ भिंगातून बघत राहिले आणि म्हणाले, “याला जगायची इच्छाच नव्हती.” बाबांनी तेही टिपून घेतलं.

आणि प्रत्येक मरणानंतर सफाई! ही आमच्या घरची खरी पूजा होती. आधी काका रबरी नळी तोंडाने ओढून टाकी रिकामी करायचे आणि प्रत्येक वेळी थोडं पाणी गिळायचे. हा भाग मला मनापासून आवडायचा. मग खडे चाळणीत घालून तांदळासारखे सात पाण्यांनी धुवायचे. मोटरीतला स्पंज भांड्यांच्या साबणाने घासायचा, फेस जाईपर्यंत पिळायचा. काच वर्तमानपत्राने लख्ख पुसायची. बायका घागरीला घागर धडकवून मिळवत होत्या ते लॉरीचं पाणी काठोकाठ ओतायचं. शेवटी माझी भर: आजोळी आई आडाच्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची, तशी मी बाबांच्या दाढीच्या डब्यातली तुरटी पाण्यात गोल गोल फिरवायची. पाणी इतकं नितळ व्हायचं, की टाकीत पाणी आहे हे मासा हलल्यावरच कळावं. आम्ही चौघं समोर बसून कौतुकाने बघायचो. “वा! यात मी राहीन,” काका म्हणायचे. मला तेव्हापासून वाटत आलं आहे की त्यांनी एकदा राहून बघायला हवं होतं.

आज हे शाळकरी पोरालाही फोनवर दोन मिनिटांत सापडतं. तेव्हा आम्हाला फक्त दामले काका सापडले होते. गोष्ट एवढीशी असते. मासे ज्या पाण्यात जगतात त्यातच घाण करतात, आणि ती घाण विषारी असते. ते विष खाणारे सूक्ष्म जीव खड्यांवर, स्पंजमध्ये हळूहळू वस्ती करतात; नव्या टाकीत ती वस्ती बसायला काही आठवडे लागतात. आम्ही दर रविवारी ती वस्ती साबणाने उठवत होतो, वर लॉरीच्या पाण्यातलं औषध ओतत होतो, आणि मासे आमच्या स्वच्छतेत आपापल्या घाणीने गुदमरत होते. अठरा मासे. आमच्या घरात झुरळाला मारायला आईला दोन दिवस लागायचे, आणि मासे आम्ही डझनाने मारत होतो.

अठराव्यानंतर बाबा म्हणाले, “मागचं सगळं माफ. आता एकदाच आणायचे, शेवटचे. यानंतर बाजार नाही.” बदलीला महिना राहिला होता. मी त्या अठराव्याला कागदात गुंडाळून अक्कांच्या परसातल्या कढीपत्त्याखाली पुरायला गेले. आधीच्या सतरांमुळे तो कढीपत्ता असा माजला होता, की गल्लीतल्या बायका न्यायला यायच्या. अक्का धुण्याच्या दगडाशी बसून चिंच निवडत होत्या.

“अय्यो, परत मेला की गं, कण्णा?”

“हो अक्का. एवढं धुऊनही मेला.”

“धुऊनही मेला, का धुतला म्हणून मेला?”

अक्कांनी मान वळवून परसाच्या कोपऱ्याकडे इशारा केला. तिथे सिमेंटची एक तोट्टी होती, म्हणजे कमरेइतका उंच हौद. पाणी हिरवंगार, कडेला शेवाळ, तळाला काळा चिखल. ती मी सहावीपासून रोज बघत होते, म्हणजेच कधीच पाहिली नव्हती. वाकून बघितलं तर शेवाळाखालून बारीक मासे सुळकन इकडून तिकडे गेले.

“हे मासे कधीपासून आहेत?”

“मी लग्न होऊन आलें तेव्हांपासून. त्यांचीं पोरं, पोरांचीं पोरं.”

“आणि धुता कधी?”

“कोण सांगट्लें धुवायला?” अक्का खरोखरच चकित झाल्या. “पाणी आटलां की एक घागर ओततें. डास येत्यात, तें खात्यात. मला काय काम?”

तेव्हा मला तो पान खाणारा माणूस आठवला. उत्तर पहिल्याच दिवशी मिळालं होतं. आमच्या तिघांत ते कळणारी मी एकटी होते. मीच ते मराठीत सांगितलं होतं आणि मीच हसले होते. कारण काय, तर तो लुंगीत होता आणि काका इस्त्रीच्या पँटमध्ये. काकांच्या मूर्खपणावर मी आयुष्यभर लोकांना हसवलं आहे. माझा नवरा म्हणतो, आवाज तर तू हुबेहूब काढतेस. काढणारच. त्या सुरात मीही साथ केली होती.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच जॉर्ज टाउनला गेले. विक्रेत्याने मला ओळखलं. तोंड भरलेलं असल्यामुळे तो फक्त डोळ्यांनी हसला. मी सगळं सांगितलं, अठरा आकड्यासकट. त्याने पान थुंकलं आणि विचारलं, ते म्हातारे गृहस्थ अजून येतात का तुमच्याकडे? मी म्हटलं, दर रविवारी. तो म्हणाला, आधी ते थांबव, मग मासे ने. मग त्याने चार काळ्या मोली दिल्या, चिवट जात आहे म्हणाला, आणि सांगितलं की जुन्या हौदातला चिखल, खडे, जे बुळबुळीत दिसेल ते नव्या टाकीत घाल. घरी येऊन मी आईला हे सगळं एका दमात सांगितलं. मला वाटलं ती किंचाळेल; आमच्या आईच्या ओट्यावर शाईचा थेंबही टिकत नसे. आई कणीक मळत होती. तिने थोडा विचार केला.

“म्हणजे विरजण,” ती म्हणाली. “दर रविवारी पातेलं घासताय आणि वर विचारताय, दही का लागत नाही!” मग हात धुवत पुटपुटली, “तीन महाविद्वान घरात आणि एकाला दही लावता येत नाही.”

अक्कांच्या तोट्टीतले ओंजळभर बुळबुळीत खडे मी आईच्या जुन्या पातळाच्या तुकड्यात बांधून टाकीत मोटरीच्या मागे लपवले, दोन बादल्या हिरवं पाणी ओतलं आणि मोली सोडल्या. आता प्रश्न रविवारचा होता. काकांना समजावणं शक्य नव्हतं; समजावण्यासाठी समोरच्याने मध्ये श्वास घ्यावा लागतो. तो प्रश्न आईने सोडवला, तोही अशा थंडपणे, की मी त्या दिवसापासून आईला थोडी घाबरते. रविवारी काका बाह्या सरसावून न्हाणीघराकडे निघाले, तशी ती थालीपीठ थापता थापता म्हणाली, “भाऊजी, पाणी नाही. आज लॉरी आलीच नाही.” लॉरी आली होती. भरलेल्या आठ घागरी बाबांच्या पलंगाखाली, चादर खाली सोडून, रांगेने उभ्या होत्या. काका त्याच पलंगावर बसून अर्धा तास पाणीटंचाईवर बोलले.

पुढचे तीन रविवार हेच. पाण्यावर पिवळट झाक आली, काचेवर तपकिरी थर चढला. काका टाकीपुढे उभे राहून चुकचुकायचे. “वसंतराव, याला मत्स्यालय नव्हे, गटार म्हणतात. मुलीची जबाबदारी ती हीच का?” बाबा वहीत काहीतरी लिहायचे. ‘पाणी नाही’ हे खोटं टिकवायचं म्हणून आई त्यांनाही रोज आंघोळीला अर्धीच बादली द्यायची, आणि घामोळ्यांनी त्यांचा स्वभाव बिघडला होता. पण त्या गटारात चारही मोली ऐटीत फिरत होत्या. वर येऊन तोंडं उघडत नव्हत्या. मी शाळेची जुनी पुस्तकं उघडी ठेवून तासन्‌तास त्यांच्याकडे बघत बसायचे. त्या जगत होत्या हे मला कळत होतं; पण बाबा बघत होते ती काच.

निघायच्या आदल्या दिवशी रविवार होता. सामान गोणपाटात शिवून झालं होतं. मी आणि आई दार नुसतं लोटून सुतळी आणायला कोपऱ्यावर गेलो, वाटेत आईला कुणी भेटलं, आणि परत आलो तर दारात एक ऑटोरिक्षा उभी. वर दिवाणखान्यात पिण्याच्या पाण्याचे चार मोठे रिकामे कॅन, ओली फरशी, साबणाचा वास. काका स्टुलावर बसून रुमालाने मान पुसत होते. टाकी झगमगत होती. खडे मोत्यांसारखे. पातळाचा तुकडा धुऊन, पिळून, खिडकीच्या गजावर वाळत घातलेला.

“वहिनी, तुमच्याकडे पाणी नाही ना, म्हणून ऑटोने घेऊन आलो!” काका उठून उभे राहिले. “म्हटलं, जाताजाता एवढं तरी करावं. पिण्याचं पाणी. यापेक्षा शुद्ध काही नाही.”

आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. पलंगाखालच्या आठ घागरी आमच्या दोघींकडे बघत असणार. आणि टाकीत, त्या अदृश्य पाण्यात, चारही मोली वर येऊन तोंडं उघडझाप करत होत्या.

“बघा किती खूश आहेत!” काका म्हणाले.

मी चहाचं गाळणं घेतलं, बादली घेतली. “अगं अगं, काय करतेस? मनू!” काका आडवे आले. तेव्हा आई म्हणाली, “भाऊजी, तुम्ही बसा.” तीन शब्द, पण असा आवाज मी तिच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतर एकदाच ऐकला. काका बसले. मी चारही मासे बादलीत काढले, जिना उतरले आणि अक्कांच्या तोट्टीवर बादली उपडी केली. चार काळे ठिपके हिरव्यात शिरले आणि दिसेनासे झाले. मी शेवाळ बाजूला केलं, वाकले, तळहातांनी सावली धरली. अक्कांचे बारीक मासे तेवढे दिसत होते. काळ्या चिखलात काळे मासे कोण शोधणार?

बाबा संध्याकाळी, बँकेतल्या सहकाऱ्यांनी रविवार गाठून ठेवलेला निरोप समारंभ आटोपून आले. गळ्यातला मोगऱ्याचा हार काढायच्या आधी ते टाकीपाशी गेले. “चकाचक आहे,” म्हणाले. मग वाकले. “मासे कुठे आहेत?” काका काहीतरी बोलायला लागले, आई भांडी आपटायला लागली, आणि मी बाबांना खाली परसात घेऊन गेले.

“यात आहेत,” मी म्हटलं.

बाबांनी चष्मा पुसला, हौदात डोकावले. “दिसत नाहीत.”

“काळे आहेत.”

“किती?”

“चार सोडले.”

“जिवंत?”

हो म्हणायचं मी जिन्यातच ठरवलं होतं. वाक्य तोंडात तयार होतं. पण दोन महिने त्या घरात मासे कुणी पाहिलेच नव्हते, सगळे आपापलं मत बघत होते, आणि मला त्याची किळस आली होती. “माहीत नाही,” मी म्हटलं. “सोडले तेव्हा जिवंत होते. दुपारपासून मी इथेच बसले होते. एकही वर आलेला नाही.”

“मेलेलां वर येतां,” अक्का दारातूनच म्हणाल्या. “नाहीं आलां तर आहे.”

बाबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. सवयीने खिशातलं पेन काढलं. मग धुण्याच्या दगडावर रुमाल अंथरून ते बसले, हार गळ्यात तसाच. वरून काकांचा आवाज येत होता, ते आईला शुद्ध पाण्याचे गुण सांगत होते. बाबा हौदाकडे बघत राहिले. डास आले, माशांनी त्यांतले काही खाल्ले. उजेड कमी होत गेला. पाण्यावर काहीच आलं नाही, आणि काहीच न येण्याची नोंद कशी करायची, हे कदाचित त्यांना ठाऊक नव्हतं. पेनाचं टोपण त्यांनी शेवटपर्यंत उघडलं नाही.

“अक्का,” ते म्हणाले, “ही वांगं खात नाही.”

“मीही खात नाहीं.”

“परीक्षा जवळ आली की हिला ताप येतो.”

“येऊं दे. जातो.”

“सकाळी लवकर उठत नाही. दहा वाजेस्तोवर लोळते.” ते खाकरले. “म्हणजे, अकोल्याला बसून मला कळणार कसं, ही कशी आहे ते?”

अक्कांनी दाराशी ठेवलेलं चिंचेचं सूप उचललं आणि आत जाता जाता म्हणाल्या, “मेली तर तार करतें. तार आली नाहीं तर आहे म्हणून समजा.”

मला वाटलं, आता बाबा चिडणार. ते उठले, रुमाल झटकला, घडी करून खिशात ठेवला.

“तार नको,” ते म्हणाले. “मीच फोन करीन. दर रविवारी, दहा वाजता.” जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून त्यांनी मागे वळून न पाहता वेळ बदलली. “अकरा वाजता. उठू दे तिला.”